वस्तऱ्याचे दगड : श्रावणाच्या आत एक दाढी

१६ जून २०२४, रविवार
पुण्याचा जुना बाजार. सकाळपासून भुरभुर, त्यामुळे निम्म्या जणांनी ताडपत्र्या ओढून घेतलेल्या. गंजलेले पाने आणि नळाच्या तोट्या यांच्या ढिगात दोन वस्तरे सापडले. एकाच्या धारेला टोकाजवळ तांदळाएवढा तुकडा गेलेला. तो सोडला, कारण तेवढं पोलाद घासून काढायला महिना गेला असता. दुसऱ्याचे विकणारा साडेतीनशे म्हणाला, तीनशेला दिला. मुठीच्या पट्ट्या पिवळ्या पडल्यात, एक तडकली आहे. पाठीच्या मागच्या भागावर 'सोलिंगेन' एवढंच वाचता येतं, कंपनीचं नाव गंजाने खाल्लंय. सोलिंगेन म्हणजे पात्यांसाठी नावाजलेलं जर्मन शहर. ते नाव कुणीही उठून छापावं असं नाही. १९३८ पासून जर्मनीत त्याला कायद्याचं संरक्षण आहे. अर्थात खोटा छाप मारणाऱ्याला कायदा काय करणार? पण पातं हातात जड न वाटता तोल सांभाळतं, पोटात दोन्हीकडून खोलगट तासलेलं आहे. तीनशे रुपये गेले तर गेले.

याला स्वतः धार लावून दाढी करायची. मुदत ठरवली : ४ ऑगस्ट, दीप अमावास्या. ५ तारखेपासून श्रावण, आणि आमच्या घरी श्रावणात दाढीला हात लावायचा नाही. आईपुढे याबाबतीत कुणाचं चालत नाही. म्हणजे सात आठवडे आहेत.

१९ जून, बुधवार
साफसफाई. शिलाई मशीनचं तेल आणि ६०० नंबरचा वॉटर पेपर. धारेच्या जवळ गेलो नाही. गंज वरवरचा निघाला, खड्डे दोनच, दोन्ही पाठीजवळ.

मापं घेतली, व्हर्नियरने. पाठीची जाडी ४.३ मिमी, पाठीपासून धारेपर्यंत १५ मिमी, धारेची लांबी ७४ मिमी. गणित केलं तर दोन्ही बाजू मिळून कोन १६ अंशांच्या थोडा वर येतो. सुरीला धार लावताना कोन मनगटाने सांभाळावा लागतो, वस्तऱ्यात तो बनवणाऱ्यानेच ठरवून ठेवलेला असतो. पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकवायची, झालं. पाठ झिजू नये म्हणून काही जण तिच्यावर इलेक्ट्रिशियनची चिकटपट्टी लावतात. माझ्या मापांना एका थराने कोन साधारण एक अंशाने वाढतो. मी लावणार आहे. जुन्या बाजारातली का असेना, पाठ ती पाठ.

२३ जून, रविवार
आजचा अख्खा दिवस दगडांच्या विचारात.

आधी बोहरी आळी. दुकानदाराला म्हणालो, वस्तऱ्यासाठी दगड. त्याने न विचारता दोन बाजूंचा करडा ऑइल स्टोन काढून समोर ठेवला. एक बाजू जाडी, एक बारीक. बारीक बाजूवरून नख फिरवलं तर खरखर स्पष्ट लागते. सुताराच्या पटाशीला, रंध्याच्या पात्याला उत्तम. वस्तऱ्याला लावला तर धारेची करवत होईल. मी नको म्हटल्यावर तो म्हणाला, "साहेब, न्हावी लोक आता दगड घेतच नाहीत. ब्लेड तोडतात, अर्धं लावतात." खरं आहे.

म्हणजे मागवावा लागणार. आता नंबरांचा घोळ. नंबर मोठा तेवढा कण बारीक. शॅप्टन या जपानी कंपनीच्या मापात १००० नंबर म्हणजे १४.७ मायक्रॉनचे कण (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), ५००० म्हणजे २.९४, १२००० म्हणजे १.२२. वस्तऱ्याला तीन टप्पे लागतात. १००० च्या आसपास उतार बसवायचा (धारेला दोन्हीकडून मिळणाऱ्या त्या दोन चिंचोळ्या सपाट पट्ट्यांना मी उतार म्हणतोय), ४-५ हजारावर त्याचे चरे घालवायचे, ८ ते १२ हजारावर शेवट. नंतर चामोटी, म्हणजे पातं फिरवायची चामड्याची पट्टी.

पर्याय पुढे मांडले. किंगचा १०००/६००० जोडदगड : सुताराला, स्वयंपाक्याला, सगळ्यांना चालणारा. पण १००० ची बाजू बुडबुडे थांबेपर्यंत भिजवावी लागते आणि दगड मऊ, लवकर मधोमध झिजतो. नॉर्टनचा ४०००/८००० : अमेरिकेत नवशिक्यांना वर्षानुवर्षं हाच सांगत आले. पण बोथट वस्तरा ४००० पासून सुरू करता येत नाही, म्हणजे खालच्या नंबरचा, जाडा दगड वेगळा घ्यावा लागतो. ही गोष्ट विकणारा सांगत नाही. नानिवाचा १२००० : बघितला, किंमत बघितली, खिडकी बंद केली.

नैसर्गिक दगडांचा मोह सर्वांत वाईट. बेल्जियममध्ये आर्देनच्या डोंगरात व्हिएलसामजवळ निघणारा पिवळसर कोटिक्यूल, त्यात गार्नेट या कठीण खनिजाचे बारीक दाणे. त्यावर राड (दगड घासून पाण्यात होणारा चिखल) जाड ठेवली तर भराभर कापतो, पाणी घालत पातळ करत नेली तर तोच दगड गुळगुळीत शेवट करतो. एकच दगड, सगळे टप्पे. पण ते सगळं हाताच्या अंदाजावर, आणि माझ्याकडे अजून अंदाजच नाही. प्रत्येक तुकडा वेगळा वागतो, मग चूक माझी की दगडाची हे कळणार कसं?

एक गंमत लिहून ठेवतो. हे महागडे जपानी कृत्रिम दगड बहुतेक ॲल्युमिनियम ऑक्साइडचे, म्हणजे भट्टीत बनवलेला कुरुंद. इंग्रजीतला कोरंडम हा शब्दही तमिळ 'कुरुंदम'वरूनच गेलेला. आपलाच कुरुंद चाळून, विटेत बसवून, विमानाने परत येतो.

२६ जून
मागवला. वरचं सगळं लिहून झाल्यावर मी ३०००/८००० असं छापलेला बिननावाचा जोडदगड मागवला, नऊशे रुपयांना. कारण? स्वस्त होता, आणि ८००० हा आकडा डोक्यात बसला होता. धार 'बारीक' हवी तर दगड बारीक हवा, एवढंच.

३० जून, रविवार
दगड आला. ३००० वर पन्नास फेरे, ८००० वर दोनशे. (एक फेरा म्हणजे जाणं आणि येणं.) उतार आरशासारखे चमकायला लागले, बाथरूमच्या दिव्याची नळी त्यात दिसते. फोटो काढून भावाला पाठवला.

मनगटावरचे केस : एकही नाही. वस्तरा केसांवरून असा घसरतो जसा लोण्याच्या चाकूने गवत कापायला निघालोय.

आणखी शंभर फेरे. चमक वाढली. केस नाही.

७ जुलै, रविवार
अण्णांकडे गेलो. माझं जावळ त्यांनीच काढलेलं, आजोबांची दाढी तेच करायचे, घरी येऊन, ओसरीवर. कसब्यातलं दुकान आता मुलगा चालवतो. अण्णांची धोकटी वरच्या माळ्यावर होती, नातवाला चढवून काढायला लावली. कात्री, नराणी, पितळी वाटी, दोन वस्तरे आणि फडक्यात गुंडाळलेला निसणा. काळसर, वीतभर लांब, मधोमध एवढा झिजलेला की आडवा धरला तर होडी दिसते.

"अण्णा, याला तर पन्हाळ पडलीय. यावर धार कशी लागायची?"

"मला लागायची. तुला नाही लागणार." वस्तरा हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला, आणि मी काही म्हणायच्या आत अंगठ्याच्या नखावरून धार ओढली. पोटात गोळा आला. "अरे बाळा, याला धार नाहीये. नुसती चकाकी आहे. कुठल्या दगडावर लावलीस?"

आठ हजार म्हटलं. त्यांना आकड्याशी देणंघेणं नव्हतं. "बारीकच लावलास ना? आधी जाडा लावायचा. जाड्यावर पातं केस धरायला लागलं, की मग बारीक. आधी नाही." मग दगडावर दाढीच्या साबणाचं पाणी टाकून त्यांचाच वस्तरा मला फिरवून दाखवला. मनगट हलतच नाही, दंडापासून हात जातो. टोकाला पोचला की पातं पाठीवर उलटतं, धारेवर कधीच नाही. "पाठ उचलायची नाही. पाठ उचलली की मेलास." त्यांचा दगड इतका झिजूनही चालतो तो चाळीस वर्षांत हाताला त्या खळग्याचा आकार पाठ झाल्यामुळे. तो हात मला विकत मिळणार नाही, सपाट दगड मिळेल.

विचारलं, हे सगळं बंद कधी केलंत? "एड्सचं सुरू झालं तेव्हा. गिऱ्हाईक स्वतःच म्हणायला लागलं, नवीन ब्लेड लावा." चहा झाला. धोकटी परत माळ्यावर गेली.

८ जुलै
अण्णांचं ऐकून जी गोष्ट पहिल्या दिवशी करायला हवी होती ती केली. परमनंट मार्करने दोन्ही उतार काळे केले, दगडावरून हलके दोन हात, आणि भिंगाखाली धरलं. साठपट दाखवणारं, दिवा असलेलं छोटं भिंग आहे. शाई पाठीकडच्या बाजूची गेली होती. अगदी धारेवर केसाएवढी काळी रेघ तशीच. म्हणजे पातं दगडाला लागत होतं, धार लागतच नव्हती. साडेतीनशे फेरे मी उताराच्या वरच्या अर्ध्या भागालाच चमकवत बसलो होतो. कोपऱ्यावर दोन बाजू भेटतच नाहीत, तिथे अजून जुनी गोल, बोथट कड आहे. ८००० च्या दगडाने ती घासून काढायची म्हणजे नखाने विहीर खणणं.

आणखी एक दिसलं. '८०००' वरच्या त्या चमकेत मधूनच जाड चरे आहेत, ३००० च्या बाजूच्या चऱ्यांपेक्षाही जाड. त्या दगडात कण एका मापाचे नाहीत. विकणाऱ्याला लिहिलं, उत्तर आलं की 'नीट भिजवा'.

तिसरं : दगडावर पेन्सिलीने चौकटी आखल्या आणि काचेवर वॉटर पेपर ठेवून चार वेळा घासला. कडेच्या रेघा गेल्या, मधल्या राहिल्या. नव्या कोऱ्या दगडाला मधे खोलगट पोट! नऊशे रुपये भाजीच्या विळीच्या खात्यात जमा.

१० जुलै, बुधवार
आता नीट ठरवलं. पैसे खालच्या दगडात घालायचे, वरच्या नाही.

एक : शॅप्टन कुरोमाकू १०००, तो नारिंगी. भिजवावा लागत नाही, वर पाणी शिंपडलं की सुरू. उलट पाण्यात ठेवून विसरलो तर चिरा पडू शकतात. कठीण असल्याने सपाट राहतो.

दोन : वरच्या टप्प्यांना दगडच नाही. लॅपिंग फिल्म, म्हणजे ऑप्टिकल फायबरच्या जोडांची तोंडं घासायला वापरतात ती पातळ प्लास्टिकची पत्री. ९, ३ आणि १ मायक्रॉन, प्रत्येकी दोन. काचेवर पाणी टाकून चिकटवायची. झिजली की फेकायची, सपाट करण्याचा प्रश्नच नाही, कण एकसारखे. शनिवार पेठेतल्या काचवाल्याकडून १० मिमी जाडीचा उरलेला तुकडा आणला, कडा घासून घेतल्या.

तीन : दगड सपाट करायला ओट्यातून उरलेला ग्रॅनाइटचा तुकडा आणि २२० चा वॉटर पेपर.

नानिवाच्या १२००० ची जागा १ मायक्रॉनची पत्री घेईल. पुढेमागे दाढी आवडली तर बारीक दगड घेईन. आज त्याचा उपयोग नाही.

१७ जुलै, बुधवार, आषाढी एकादशी
दगड कालच आला. घरात साबुदाण्याच्या खिचडीचा वास, टीव्हीवर पंढरपूर, आणि मी बाल्कनीत.

आधी पेन्सिलीच्या रेघा. कुरोमाकूही कारखान्यातून एकदम सपाट आला नव्हता, पण तीन मिनिटांत सगळ्या रेघा गेल्या. कडा तिरक्या घासून घेतल्या, नाहीतर पातं तिथे अडखळतं.

पाठीवर चिकटपट्टी. एका बाजूला तीस छोटी वर्तुळं, मग दुसऱ्या बाजूला तीस, मग पाच साधे फेरे, मग मार्कर. असे सात संच. पाचव्या संचानंतर काळी रेघ टोकाकडून सरकायला लागली. बोटाखाली फरक कळतो : आधी पातं काचेवरून गेल्यासारखं घसरत होतं, आता किंचित धरतं, पाणी धारेच्या पुढे ढकललं जातं आणि धारेवर चढतं. पाणी कुठे चढत नाही ते बघितलं की धार कुठे लागत नाही ते मार्करशिवाय समजतं.

चढत नव्हतं ते टाचेपाशी, म्हणजे धारेच्या मुठीकडच्या टोकाला, शेवटचे ८-१० मिमी. तासभर तिथेच अडकलो. मग भिंग बाजूला ठेवून पातं नुसतं दगडावर ठेवलं आणि उजेडाकडे धरून खालून पाहिलं. टाचेमागचा जाड खांदा दगडावर चढत होता आणि तेवढा भाग उचलत होता. त्यात दगड ७० मिमी रुंद, धार ७४. सरळ फिरवली तर कुठलं तरी टोक बाहेर राहणारच. म्हणून तिरका हात : टाच दगडावर ठेवून सुरुवात, खांदा काठाबाहेर, आणि पुढे जाता जाता पातं बाजूला ओढत टोकावर संपवायचं. दगडावर याच्या दोन बाजू मिळून फुली होते.

बोटं काळी. आई म्हणाली, उपासाच्या दिवशी तरी.

२१ जुलै, रविवार
उतार बसला. दोन्ही बाजूंना सबंध लांबीत शाई धारेपर्यंत जाते, आणि नुसत्या १००० वर, त्वचेला टेकवून, मनगटाचे केस टाचेपासून टोकापर्यंत उडतात. चरचर आवाज येतो, ओबडधोबड, पण उडतात. महिन्याभरात पहिल्यांदा हे हत्यार वस्तरा वाटलं. शेवटचे वीस फेरे पात्याच्या वजनाएवढ्याच दाबाने.

८००० च्या चमकेपेक्षा ही मळकट, करडी धार चांगली कापते. फोटोत काहीच दिसत नाही.

२७ जुलै, शनिवार
फिल्म. ९ मायक्रॉनवर चाळीस फेरे, १००० चे चरे भिंगाखाली हळूहळू मोडले. ३ मायक्रॉनवर तिसाव्या फेऱ्याला टर्र झालं. पात्याच्या टोकाचा अणकुचीदार कोपरा पत्रीत घुसला, सरळ फाडत गेला. दुसरी पत्री लावली तर खाली वाळूचा एक कण राहिला होता. वरून टेकडी दिसत नाही, धारेला कळते. काढली, काच पुसली, पुन्हा लावली. टोकाचा कोपरा दगडाच्या कडेवर दोन हातांत गोल करून टाकला, तो गालालाही लागला असता.

१ मायक्रॉनवर पन्नास. आवाज बंद होतो, पातं पत्रीला चिकटल्यासारखं जातं.

४ ऑगस्ट, रविवार, दीप अमावास्या
चामोटी कोल्हापुरी चपला शिवणाऱ्याकडून घेतलेल्या पट्टीची, आकड्याला बांधली. चामड्यावर दिशा उलटी, पाठ पुढे. साठ फेरे. एकोणचाळिसाव्याला पातं उलटताना पाठ उचलली आणि चामड्यावर बोटभर कापलं. अण्णांचा आवाज कानात.

दाढी. डावा गाल : खरंच गेला, आवाज आला, रक्त नाही. उजवा गाल : ओढायला लागला. हनुवटी : डोळ्यांत पाणी, आणि एक लांब चीर. उरलेली दाढी नेहमीच्या रेझरने. आई दिवे घासत होती. वर बघून म्हणाली, आता महिनाभर सुटलास.

कापलेल्या चामड्यावर त्याच धारेचे वीस फेरे पुढे चालूच ठेवले होते, हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

१८ ऑगस्ट, रविवार
दोन आठवडे वस्तरा बाथरूमच्या फळीवर. ऑगस्टमधलं पुणं, खिडकीबाहेर सतत धार, आणि मी पातं पुसून ठेवलं होतं पण तेल लावलं नव्हतं. भिंगाखाली धारेवर तपकिरी ठिपके, दोन ठिकाणी दातरे. कपाळावर हात.

पुन्हा १०००. पण आज दगड सपाट, हात तिरका, मार्कर पहिल्या मिनिटापासून : पंचवीस मिनिटांत उतार बसला. मागच्या वेळी जवळजवळ अडीच तास लागले होते. मग ९, ३, १. चामोटी तीच, कापलेली जागा टाळून पट्टी उलट बाजूने लावली. शेवटी मशीनच्या तेलाचा एक थेंब, फडक्यात गुंडाळून कपाटात. खोबरेल लावू नको, काही दिवसांनी चिकट होतं, असं अण्णांनी सांगितलं होतं.

डाव्या हाताच्या मनगटावर आता केस उरलेले नाहीत. उजव्यावर सुरुवात.

४ सप्टेंबर, बुधवार
अमावास्या सोमवारी झाली, काल मंगळवार म्हणून आईने थांबवलं. आज सकाळी आधी यंत्राने महिन्याची दाढी छाटली, गरम पाण्याचं फडकं, साबणाचा फेस वाटीत. चामोटीवर साठ.

डावा गाल, उजवा गाल, मिशी, गळा. कोन साधारण तीस अंश, दाब नाही. केस कापल्याचा कोरडा कुरकुर आवाज कानाच्या हाडातून ऐकू येतो. रक्त : शून्य. पूर्ण दाढी वस्तऱ्याने, बावीस मिनिटं. ऑफिसला उशीर.

संध्याकाळी अण्णांना गाल दाखवायला गेलो. उलट्या बोटांनी गाल चाचपला, मान हलवली, आणि म्हणाले, "आण बघू." दिला. नखावरून ओढला.

घरी येऊन १ मायक्रॉनवर वीस फेरे.

डाव्या जबड्याच्या खाली, जिथे टाचेचा भाग लागतो, तिथे थोडं ओढलं होतं. रविवारी मार्कर लावून टाच बघायची. २२० चा वॉटर पेपर संपलाय, दोन आणायचे.